हाड तेवढे बसवायचे राहिले आहे!

डोक्याला जबर मार लागून ज्या घरातले माणूस मरणाच्या दारातून परत आले आहे, अशा कुटुंबांसाठी आज आम्ही लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांत अशी घरे थोडी नाहीत. कुणी परांचीवरून पडलेला असतो, कुणाला लोकलच्या दारात उभे असताना खांब लागलेला असतो, कुणाची मोटारसायकल पावसाळ्यातल्या खड्ड्यात गेलेली असते. अपघात झाला की सारी चाळ धावते. कुणी रक्त देतो, कुणी रात्र काढतो, कुणी उसने पैसे आणतो. ऑपरेशन होते, माणूस डोळे उघडतो, घरी येतो. त्याच्या डोक्याच्या एका बाजूला हाड नसते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात जाऊन ते हाड बसवायचे असते. या दुसऱ्या ऑपरेशनविषयी विचारले की उत्तर ठरलेले, "मोठं ऑपरेशन झालं की! आता हाड तेवढं बसवायचं राहिलंय."

या 'तेवढं' शब्दावरच आमचा आक्षेप आहे. हाड परत बसवण्याचे ऑपरेशन पहिल्याइतके घाईचे नसते हे खरे, पण ते किरकोळही नसते. जगभरच्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर या ऑपरेशननंतर शंभरातल्या साधारण १० पासून ४० पर्यंत रुग्णांना काही ना काही त्रास होतो असे दिसते. आकड्यांत एवढा फरक का, तर कुणी छोटा त्रासही मोजतो, कुणी फक्त मोठा. त्यातले बरेच त्रास निभावतात. पण काहींमध्ये बसवलेले हाड पुन्हा काढावे लागते, आणि क्वचित जिवावर बेतते. यावर कुणी म्हणेल, मग बसवूच नये. तसेही नाही. ते का, हे कळायला आधी हाड काढतात कशासाठी ते पाहू.

कवटी ही बंद पेटी आहे. हाताला सूज आली तर कातडी ताणून जागा देते. मेंदूला सूज आली तर त्याला पसरायला जागाच नाही. सुजलेला मेंदू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त कमी पोहोचते, त्यामुळे सूज आणखी वाढते, आणि शेवटी श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग दाबला जातो. शिरेतून औषध देऊन आणि व्हेंटिलेटरवर ठेवूनही दाब उतरत नसेल, किंवा आत साकळलेले रक्त काढायचे असेल, तर सर्जन कवटीचा तुकडा कापून बाजूला काढतात, मेंदूचे आवरण सैल करतात आणि वरून नुसती कातडी शिवतात. हा तुकडा लहान नसतो. मोठ्या माणसात तो निदान १२ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब असावा असे या शास्त्रात मानले जाते. त्याहून छोटी खिडकी ठेवली तर सुजलेला मेंदू तिच्या कडांवर घासला जातो.

याने जीव वाचतो का? वाचतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ४०८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा हाड काढलेल्यांपैकी शंभरात सुमारे २७ दगावले होते आणि नुसत्या औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी सुमारे ४९. म्हणजे जवळजवळ निम्म्याचा फरक. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती कुणी नातेवाइकांना सांगत नाही. वाचलेल्यांत परावलंबी राहिलेलेही जास्त होते. डोळे उघडे पण भान नाही, अशा अवस्थेत राहिलेले हाड काढलेल्यांत शंभरात आठ-नऊ होते आणि दुसऱ्या गटात दोन. रात्री दोन वाजता ज्या माउलीने कागदावर सही केली, तिने जीव वाचवण्यासाठी सही केली. माणूस पहिल्यासारखा होईल याची हमी त्या कागदात नव्हती. पुढे तो चिडका झाला, विसरू लागला, एकाच गोष्टीवर हटून बसू लागला, तर दोष त्या सहीचा नाही आणि त्याच्या स्वभावाचाही नाही. तो माराचा परिणाम आहे, आणि हाड बसवून त्यातले सगळे भरून येत नाही. हे आधीच माहीत असलेले बरे, म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनकडून नको ती आशा राहत नाही.

आता काढलेले हाड जाते कुठे? आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते रुग्णाच्याच पोटात ठेवतात. हे ऐकून घरच्या म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरतो. एक आजी आम्हाला विचारत होत्या, "आतड्यात टोचत नसंल का रं बाबा?" आतड्याचा काही संबंध नाही. पोटाच्या कातडीखाली चरबीत, स्नायूंच्या वरच्या बाजूला एक कप्पा करून त्यात ते ठेवलेले असते. फ्रीज लागत नाही, वीज लागत नाही, हरवण्याची भीती नाही. बारीक अंगाच्या माणसाला मात्र वाकताना ते टोचते, कधी तिथे जखम चिघळते, आणि फार दिवस राहिले तर कडा झिजतात. काही रुग्णालयांत उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये नावाची चिठ्ठी लावून हाड ठेवतात. आणि हाडाचे अपघातातच तुकडे झाले असतील किंवा रस्त्यावरची घाण त्यात गेली असेल, तर ते ठेवतच नाहीत. म्हणून डिस्चार्जच्या वेळी सरळ विचारावे, "डॉक्टरसाहेब, हाड कुठं आहे?" आणि उत्तर कार्डावर लिहून घ्यावे. दुसऱ्या शहरात ऑपरेशन करायची वेळ आली की हाच प्रश्न पहिला येतो.

मधले दोन-तीन महिने म्हणजे खरी घरच्यांची परीक्षा. रुग्णालयात पट्टीवर 'या बाजूला हाड नाही' असे ठळक लिहिलेले असते, घरी आल्यावर ती पट्टी जाते आणि लोक विसरतात. त्या बाजूवर झोपू द्यायचे नाही. पहिल्या पावलापासून डोक्यावर हेल्मेट हवे. मुलाचे क्रिकेटचे हेल्मेट आत मऊ कापड लावून वापरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. नीट बसत असेल आणि जखमेवर घासत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून तेही चालते. मोरीत पाय घसरणार नाही याची काळजी घ्यावी. पाहायला येणारे पाहुणे हौसेने त्या मऊ जागेला बोट लावतात, त्यांना तिथेच थांबवावे, मग ते कितीही वडीलधारे असोत.

ती मऊ जागा रोज नजरेखाली ठेवावी. ती आत बसते किंवा बाहेर फुगते, आणि या दोन्हींत अर्थ असतो.

फुगून टणक लागू लागली, सोबत डोके दुखणे, उलटी, गुंगी, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे असे काही दिसले, तर मेंदूतले पाणी साठत असण्याची शक्यता असते. मेंदूभोवती एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि रक्तात जिरत असतो. मारानंतर त्याचा निचरा बिघडतो. मग डोक्यातून पोटात बारीक नळी, म्हणजे शंट, टाकावी लागते. हाड बसवण्याआधी ही गोष्ट ओळखली गेली पाहिजे, कारण पाणी साठलेले असताना हाड बसवणे अवघड जाते, आणि शंट व हाड दोन्ही एकदम केले तर त्रासाचा धोका वाढतो.

जागा खोल आत गेली, खड्डा पडला, तर लोकांना वाटते सूज उतरली, बरे झाले. बहुतेक वेळा तसेच असते. पण काही रुग्णांत हाड नसल्याने बाहेरच्या हवेचा दाब थेट मेंदूवर येतो आणि आतला रक्ताचा व पाण्याचा प्रवाह बिघडतो. आमच्या परिचयातील एका भगिनीचे यजमान रंगकाम करणारे. परांचीवरून पडले, हाड काढावे लागले, हळूहळू चालू-बोलू लागले. दोन महिन्यांनी पुन्हा बिघडले. ती सांगत होती, "भाऊ, उशीला टेकून बसवलं की बोलणं अडखळायचं, उजवा हात गळायचा. आडवं केलं की घटकाभरात पुन्हा नीट. सासरे म्हणाले, कामाला जायला नको म्हणून नाटकं करतोय. मलाबी तसंच वाटाया लागलं होतं." ते नाटक नव्हते. बसल्यावर बिघडणे आणि आडवे झाल्यावर सुधारणे हीच या त्रासाची खूण आहे, आणि त्यावर हाड परत बसवणे हाच मुख्य उपाय आहे. ओपीडीतल्या एका तरुण डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम पाऊण तास बसवून ठेवले, मग पाहिले, आणि तारीख अलीकडे घेतली. हाड बसल्यावर त्यांचा हात आणि बोलणे दोन्ही सुधारले. म्हणून आम्ही म्हणतो की हे ऑपरेशन टाळण्याची गोष्ट नव्हे. डोके नीट दिसावे एवढ्यासाठीच ते करतात हा गैरसमज आहे.

ऑपरेशन केव्हा करायचे याचा एकच नियम नाही. सूज उतरलेली असावी, जखम कोरडी असावी, अंगात कुठे जंतुसंसर्ग नसावा. साधारण सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत पुष्कळ ठिकाणी करतात, काहींना त्याहून थांबावे लागते. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली की घरचे रागावतात, "गरिबाला खेपा घालायला लावतात." खेपा घालायला लावणारे असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण ताप असताना किंवा पाठीला झोपून झालेली जखम वाहत असताना तारीख पुढे गेली, तर ती रुग्णाच्या भल्यासाठीच आहे.

प्रत्यक्ष ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस डॉक्टर आणि नर्स यांच्या नजरेखाली जातात. कातडी पुन्हा उचललेली असते, तिच्याखाली रक्त साकळू शकते. म्हणून डोक्याला रबरी नळी आणि बाटली लावलेली असते. बोलता-चालता माणूस गुंगीत जाऊ लागला, उलट्या होऊ लागल्या, एक बाजू ढिली पडली, तर मावशींना सांगून थांबू नये, थेट नर्सला आणि डॉक्टरांना बोलवावे. लगेच सीटी स्कॅन करून रक्त काढावे लागू शकते. ऑपरेशननंतर लगेच मेंदूला एकाएकी मोठी सूज येऊन रुग्ण दगावल्याच्याही नोंदी आहेत. हे फार दुर्मीळ आहे, पण सही करताना डॉक्टर 'जिवाला धोका' म्हणतात त्यात हेही येते. ते घाबरवायला म्हणत नाहीत.

आकडी येणे हा दुसरा त्रास. आधी कधीही आकडी न आलेल्या माणसालाही हाड बसवल्यानंतर ती येऊ शकते. अशा वेळी कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, दातांत चमचा घालणे यांतले काहीही करू नये. माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू हटवाव्यात, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीमागून एक येऊ लागली, तर १०८ ला फोन करावा. हाड बसवण्याआधीच्या काळात आकडी आली, तर हाड असलेल्या बाजूवर वळवावे. आकडीच्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नयेत. महिनाभर आकडी आली नाही म्हणून गोळ्या थांबवल्या आणि तिसऱ्या दिवशी माणूस रस्त्यात पडला, हे नेहमीचे आहे. आणि आकडी म्हणजे बाहेरचे काही नव्हे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरी घरात एखादी मावशी किंवा आत्या असतेच अंगारा घेऊन उभी. तिच्याशी भांडू नये, पण गोळीची वेळ चुकवू नये.

आम्हाला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते जंतुसंसर्गाविषयी. घरी आल्यावर कुटुंबाने पाहायचा हा त्रास आहे, आणि तो उशिरा कळतो.

परत बसवलेले हाड दोन-तीन महिने शरीरापासून सुटे होते. त्यात रक्त खेळत नसते. ते पुन्हा जिवंत व्हायला महिने लागतात. औषध रक्तातून जाते, आणि जिथे रक्त जात नाही तिथे औषधही जात नाही. त्यामुळे अशा हाडावर जंतू बसले, तर गोळ्यांनी वरची लाली उतरते पण खालचे जंतू तसेच राहतात. एका घरचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. हाड छान बसले, टाके निघाले, सगळे खूश. पाचव्या आठवड्यात कानाच्या वर जखमेच्या रेषेवर डाळीएवढी पुळी आली. जवळच्या डॉक्टरांनी मलम आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुळी बसली. पुन्हा आली, पुन्हा गोळ्या, पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी तिच्यातून पू वाहू लागला तेव्हा ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात नेले. शेवटी ते हाड काढावे लागले, कित्येक आठवडे शिरेतून औषध द्यावे लागले, आणि आठ महिने पुन्हा त्याच हेल्मेटमध्ये गेल्यावर दुसरे टोपण बसवले. जवळच्या डॉक्टरांना आम्ही नावे ठेवत नाही. डोक्यावरची पुळी त्यांनी पुळी म्हणूनच पाहिली. पण आईने किंवा बायकोने पहिल्याच दिवशी डिस्चार्ज कार्ड घेऊन न्यूरोसर्जरीची ओपीडी गाठली असती, तर निदान लवकर झाले असते.

म्हणून जखमेच्या रेषेवर लाली, सूज, ऊब, ओल, पू, टाका उघडणे, कातडी पातळ होऊन खालचा स्क्रू किंवा पत्रा दिसू लागणे, किंवा कारण नसलेला ताप, यांतले एक जरी दिसले तरी मूळ रुग्णालयात जावे. हे दोन आठवड्यांनी होऊ शकते आणि दोन वर्षांनीही होऊ शकते. जखमेवर हळद, खोबरेल, कोंबडीची चरबी काहीही लावू नये. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत डोक्याला तेलमालीश नको, आणि नंतरही रगडून नको. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. बिडी, तंबाखू, मिश्री यांनी कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. मिश्रीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले, कारण रुग्ण बाई असेल तर डॉक्टर बिडीचे विचारतात, मिश्रीचे विचारत नाहीत.

घरी आल्यावर विश्रांती घेणे पुरुषमाणसाला फार जड जाते. यावरून आम्हाला जीवकाची गोष्ट आठवते. विनयपिटकातील महावग्गात ती आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके सात वर्षे दुखत होते. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटी उघडून दोन किडे काढून दाखवले आणि कातडी शिवून लेप लावला. त्याआधी त्याने श्रेष्ठीकडून कबूल करून घेतले होते की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहायचे. श्रेष्ठी प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळला. एकवीस दिवसांनी तो बरा झाला. तेव्हा जीवकाने सांगितले की एकवीस दिवसांत बरा होशील हे मला ठाऊकच होते, पण महिने सांगितले नसते तर तू एवढाही पडून राहिला नसतास. गोष्ट किती जुनी आणि किती खरी हा वाद अभ्यासकांनी करावा. रुग्णाचा स्वभाव मात्र ज्याने कुणी ती लिहिली त्याला पक्का ठाऊक होता. आजचे डॉक्टर तीन महिने वजन उचलू नको म्हणतात, तेव्हा त्यातले सात दिवस आपण पाळतो.

स्वतःचे हाड वापरता येत नसेल तर काय बसवतात? एक प्रकार हाडाच्या सिमेंटचा. कवळीसाठी वापरतात त्याच जातीचे ते प्लास्टिक असते, ऑपरेशन टेबलवरच कालवून आकार देतात, घट्ट होताना ते तापते म्हणून गार पाणी सोडत राहतात. ते स्वस्त आहे, पण मार लागला तर तडकू शकते. दुसरा टायटॅनियम धातूची जाळी किंवा पत्रा. तो गंजत नाही, मजबूत असतो, पण वरची कातडी पातळ असेल तर काही वर्षांनी कातडीतून बाहेर डोकावू शकतो. तिसरा पीक नावाचे पदार्थ, सीटी स्कॅनवरून मापाचे टोपण बनवून घेतात. ते महाग आहे. महागाचेच घेतले म्हणजे जंतू होत नाहीत असे मुळीच नाही. कुणी कर्ज काढून महागाचे टोपण घ्या असा आग्रह धरला, तर आपल्या माणसाच्या बाबतीत त्याची खास गरज काय, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. हा शोध माणसाने फार दिवस चालवला आहे. रशियातील एका माणसाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवल्याची हकिगत १६६८ साली छापली गेली आहे. चर्चने त्याबद्दल त्याला बहिष्कृत केले. बिचारा हाड काढून घ्यायला आला, तर ते इतके पक्के बसले होते की काढता येईना!

पैशाचे थोडक्यात सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत मिळतात. पहिल्या ऑपरेशनची मंजुरी दुसऱ्याला चालेल असे धरून चालू नये, आरोग्यमित्राला आधी भेटावे. २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमींसाठी दीड लाखापर्यंतच्या मोफत उपचाराची केंद्राची योजना आहे, पण ती अपघातापासून ७ दिवसांपुरती. हाड बसवणे त्यानंतर येते, हे ध्यानात ठेवावे. मोटार अपघात दाव्यात पुढच्या उपचाराचा खर्चही मागता येतो. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा असे २०१९ च्या दुरुस्तीत आहे, म्हणून अर्ज लवकर करावा, पण दुसरे ऑपरेशन बाकी असताना थोड्या रकमेवर तडजोडीची सही करू नये. कामावर किंवा कामावर जाता-येता अपघात झाला असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर कामावरील दुखापत म्हणून नोंद झाली आहे की साधा आजार म्हणून, ते पाहावे. दोन्हींच्या भत्त्यांत फरक आहे.

एका भगिनीने विचारले आहे की तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचे हाड सात महिन्यांपूर्वी बसवले, जखम स्वच्छ आहे, ताप नाही, पण हाडाच्या कडेला बोट बुडेल असा मऊ खड्डा होत चालला आहे, मुलगी मात्र ठणठणीत आहे. ताई, यात पू किंवा ताप नसेल तर बहुधा हाड झिरपते आहे, म्हणजे शरीर ते आपल्यात जिरवून टाकते आहे. परत बसवलेल्या हाडाचे असे होऊ शकते आणि लहान मुलांत ते मोठ्यांपेक्षा बरेच जास्त होते. तुम्ही काही कमी-जास्त खायला घातले म्हणून ते झालेले नाही, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी ते थांबणार नाही. खड्डा दाबून पाहू नका, धाकट्यालाही दाबू देऊ नका. शाळेत बाईंना सांगून ठेवा, कबड्डी आणि धक्काबुक्कीचे खेळ तूर्त बंद. आकडी, डोकेदुखी, उलटी झाली तर त्याच दिवशी न्या, नाहीतर याच आठवड्यात ओपीडीला जा. हाड थोडेच झिजले असेल तर डॉक्टर नुसते लक्ष ठेवतील, मोठी जागा उघडी पडली असेल तर दुसरे टोपण बसवण्याचा विचार करतील, आणि मुलीचे डोके अजून किती वाढायचे आहे हेही त्यात पाहतील. जाताना आधीच्या सीटी स्कॅनची फिल्म बरोबर न्या. हाड किती झिजले हे जुनी आणि नवी फिल्म शेजारी-शेजारी धरल्यावरच नीट कळते.